होडी कोणासाठी तपासायची?

साशंक : मामा, तुमचा आग्रह कळतो मला, पण व्यवहार म्हणून बघा. बोट लाकडी, वरून फायबरचा थर दिलेला. मालक ओळखीतला. मासेमारीबंदीच्या दिवसांत वर ओढून नीट शाकारलेली आहे. आमचा तांडेल जाऊन बघून आलाय, सुतारानं खालून-वरून हात फिरवलाय, इंजिन चालू करून दाखवलंय. आता तुम्ही म्हणता, मुंबईहून सर्वेअर बोलाव. त्याची फी मी द्यायची, येण्याजाण्याचा खर्च माझा, बोट पाण्यात असती तर वर घ्यायचे पैसेही माझेच. एवढं करून हातात काय? एक अहवाल. तुम्हीच दाखवला होतात तसला एक. अमुक भाग उघडता आला नाही, तमुक जागी हात पोचला नाही, मशीन खोललेलं नाही, झाकलेल्या भागाबद्दल काही सांगता येत नाही. निम्मा कागद स्वतःचे हात झटकण्यात गेलेला! हमी नाही तर पैसे कशाचे? आमचा सुतार चुकला तर निदान गावातच सापडतो.

आग्रही : सापडतो, आणि दुरुस्तीचं कामही त्यालाच मिळतं. त्यानं दोष दाखवला तर त्याची मजुरी वाढते आणि लपवला तर मालकाशी संबंध टिकतो. माणूस प्रामाणिक असेल, पण तू त्याला दोन्हीकडून मोहात टाकतोयस. सर्वेअरला बोट विकली गेली काय, न गेली काय, सारखंच असायला हवं. म्हणून पहिली अट ही, की तो तू शोधलेला हवा, मालकानं सुचवलेला नको, दलालाचा तर नकोच.

आता हमीचं. तू हमी मागतोयस आणि तो देतोय मत, तेही त्या एका दिवसाचं. हे आधी मनात पक्कं केलंस तर त्याचा दिवस कसा जातो ते बघण्यासारखं असतं. चांगला सर्वेअर आल्या आल्या बोटीवर चढत नाही. लांब उभा राहतो. पुढून बघतो, मागून बघतो, कण्याच्या रेषेत डोळा लावतो. जुन्या लाकडी बोटीचा कणा मधे वर उचलला जातो आणि दोन्ही टोकं खाली पडतात. ते जवळून दिसत नाही. मग एका टोकापासून हातोडी सुरू. लोखंडी नव्हे, हलकी, प्लास्टिकच्या तोंडाची. वीत वीत सरकत. भरीव जागी टणटणीत आवाज, थर सुटला असेल किंवा मागचं लाकूड मऊ झालं असेल तिथे थप्प. खडूनं खुणा करत जातो. उघड्या लाकडात टोच्या घालून बघतो. मग पंखा. पितळेवर गुलाबी छटा दिसली की समजायचं, त्यातलं जस्त खाऱ्या पाण्यानं ओढून नेलंय. दिसायला अख्खा, पण आतून चाळण. शाफ्ट हातानं वरखाली हलवतो, किती खेळतो ते बघतो. जस्ताचे ठोकळे किती झिजलेत बघतो, आणि अजिबात झिजले नसतील तर जास्त काळजी करतो, कारण मग ते कामच करत नाहीत. सुकाणूच्या बिजागऱ्या, तळातून आरपार जाणारा प्रत्येक वॉल, त्यावरचा होजपाइप, त्याची क्लिप. बोटी वादळातच बुडतात असं नाही. धक्क्याला बांधलेल्या ठिकाणी, एका सडक्या पाइपानंही बुडतात.

साशंक : हे सगळं तांडेलही बघतो.

आग्रही : तांडेल बघतो ते बोट चालवायच्या नजरेनं. ती नजर मोठीच, पण वेगळी. मला सांग, तांडेलानं मासळीचा खण बघितला का?

साशंक : बघितला की. कोरडा ठणठणीत.

आग्रही : तळाच्या फळ्या उचलून?

साशंक : त्या ठोकून बसवल्यात.

आग्रही : तिथेच माझा जीव अडकतो. खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजतं असं लोकांना वाटतं. मीठ उलट लाकूड राखतं. कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर वाढते, लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर सतत राहिली की तिचं फावतं. बोटीत गोडं पाणी येतं दोन वाटांनी. एक पाऊस. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं, शाकारणीला एक भोक असलं तरी ते महिना-महिना एकाच तुळईवर ठिबकतं. दुसरी वाट बर्फ. खणात बर्फ भरला की वितळलेलं पाणी फळ्यांखाली उतरतं आणि तिथेच राहतं, ना वारा ना ऊन. बाहेरून तुझा फायबरचा थर चकाचक. त्या थरानं बाहेरची ओल अडवायची हे खरं, पण आतली ओलही तो बाहेर जाऊ देत नाही.

साशंक : मग तो थर देतात कशाला? कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं लाकडावर फायबर चढवायचे प्रयोग केले, मच्छीमारांना शिकवलं, हे तुम्हीच सांगितलंत ना?

आग्रही : केले, आणि कारणही तसंच होतं. लाकूड पोखरणारा तो समुद्रातला किडा. खरं तर तो किडा नाहीच, शिंपल्याच्या जातीचा प्राणी. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढतो, बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जातो. बाहेरून फळी धडधाकट, आतून पोकळ. फायबर त्याला दाराशीच अडवतो. कोरड्या, निरोगी लाकडावर, नवेपणी चढवला तर उत्तम. पण जुन्या, पाणी पिणाऱ्या बोटीवर विकायच्या आधी चढवला, तर ते रंगकाम झालं. तुझी बोट यातली कुठली, एवढंच मला कळून घ्यायचंय.

साशंक : आणि ते सर्वेअरला कळेल? इथेच मला तुमचं पटत नाही. दोष कुठे? थराच्या मागे. सर्वेअरला भोक पाडायची परवानगी? नाही. मालक म्हणणार, विकली गेली नाही तर भोकं कोण बुजवणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मग उरलं काय, हातोडी आणि ते ओल मोजायचं यंत्र. आमच्याकडे फणस असाच ठोकून बघतात. दहातले आठ बरोबर निघतात, पण ते ठोकणाऱ्याच्या कानामुळे, ठोकण्यामुळे नाही. यंत्राचं तर विचारूच नका. मी वाचलंय थोडं. बोट नुकतीच पाण्यातून काढली असेल तर आकडा वर. तळाला तांब्याचा रंग असेल तर आकडा वर. मागे लोखंडी खिळा आला तरी वर. मग तो आकडा सांगतो काय? त्यापेक्षा सुतार ‘मला काय बरं वाटत नाय’ म्हणतो, ते निदान आकड्याचा आव तरी आणत नाही.

आग्रही : इथे तू बरोबर आहेस, आणि हे मान्य न करणारा सर्वेअर भेटला तर त्याला परत पाठव. ते यंत्र टक्केवारी सांगत नाही, तुलना सांगतं. इथे कमी, तिथे जास्त. पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे आकडा खाली असायला हवा, तिथे एका हातभर पट्ट्यात तो उसळला आणि तिथेच हातोडी थप्प वाजली आणि आतून त्याच जागी खण आहे, तर तीन साक्षी झाल्या. एकेकीला किंमत नाही, तिघी एका ठिकाणी आल्या की आहे. सर्वेअर म्हणजे या साक्षी जुळवणारा माणूस. आणि भोकाचं म्हणशील तर ते मागायचं असतं. ‘या दोन जागी बोटभर जाडीची भोकं पाडू द्या, बोट घेतली नाही तर माझ्या खर्चानं बुजवून देईन’, असं लेखी. मालक हो म्हणाला तर आतलं लाकूड दिसतं. नाही म्हणाला तर त्यातूनही काहीतरी दिसतंच.

साशंक : नाही म्हणण्यात पाप नाही, मामा. कुणाचंही मन होणार नाही.

आग्रही : पाप नाही. पण मग किंमत त्या अंधारासकट ठरव.

(इंजिनाबद्दल दोघांचं बोलणं बरंच लांबलं. त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो : सर्वेअर येईल तेव्हा इंजिन गार असलं पाहिजे, मालकानं ‘तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलं’ म्हटलं तर ती सेवा समजू नये. काळा धूर म्हणजे इंजिनावर ताण किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा लवकर थांबला नाही तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल. पाण्यात नेऊन पूर्ण फेऱ्यांवर चालवल्याशिवाय तापमानाचा अंदाज येत नाही. शाफ्टच्या जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून चालताना थेंब पडतात, तो दोष नव्हे. इंजिनाची खोलवर तपासणी हवी असेल तर बहुतेक वेळा वेगळा माणूस लागतो. यावर दोघांचं एकमत झालं, म्हणून ते गाळलं.)

साशंक : बरं, समजा अहवाल आला. चाळीस दोष लिहिले. होतातच म्हणता तुम्ही.

आग्रही : होतातच. कोरा अहवाल आला तर सर्वेअर झोपला होता. चाळीस बघून घाबरायचं नाही. त्यातले कुठले पाण्यात उतरवण्याआधी करायचे, कुठले या हंगामात, आणि कुठले नुसते नोंदवलेले, हे त्यानं वेगळं करून द्यायला हवं. पहिल्या गटातले तीन असतील, पण खर्चाचे तेच असतात. ते घेऊन मालकाकडे जा. तो दुरुस्त करून देईल, किंमत उतरवेल, नाहीतर तू उठून येशील. फीचा हिशेब तिथेच फिटतो.

साशंक : तिन्ही मालक करणार नाही, मी करणार. आणि पहिल्या हंगामात सगळे करायला पैसे नसणार. बँकेचा हप्ता, डिझेल, जाळी, खलाशांची उचल. मी दोन करीन, तिसरा नारळी पौर्णिमेनंतर बघू म्हणून ठेवीन. अशी वेळ सगळ्यांवर येते. आता त्या तिसऱ्यापायी बोट गेली तर? विमा कंपनी तो अहवाल काढून माझ्यापुढे ठेवणार : हे बघा, तुम्हाला माहीत होतं. अहवालच नसता तर मला माहीत नव्हतं! तुमची तपासणी बोट सुधारत नाही मामा, फक्त मला गुन्हेगार करते.

आग्रही : हे तू खरंच कायद्याचं बोललास. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात कलम ४१ आहे. एका फेरीपुरता विमा असेल तर जहाज समुद्रात जायला लायक आहे हे तू सांगितल्याशिवायही गृहीत धरतात. मुदतीचा विमा, म्हणजे आपण वर्षाचा घेतो तो, त्यात तसं गृहीत नाही. पण मालकाला माहीत असताना, त्याच्या संमतीनं बोट नालायक स्थितीत समुद्रात गेली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. झीज-तूट तर तशीही विम्याबाहेर असते. तेव्हा जाणणं महाग पडतं हे कबूल. पण न जाणणं फुकट असतं हे कुणी सांगितलं? त्याच कायद्यात आणखी एक आहे. विमा घेताना जे महत्त्वाचं ठाऊक आहे ते सगळं सांगायचं, आणि धंद्याच्या नेहमीच्या ओघात जे ठाऊक असायला हवं तेही ठाऊक आहे असंच धरतात. इंग्लंडात ‘युरिस्थेनिस’ जहाजाचा खटला झाला सत्तरच्या दशकात. कोर्टानं सांगितलं, डोळे मुद्दाम मिटून घेणं म्हणजे जाणणंच.

साशंक : पण मुद्दाम! ‘स्टार सी’च्या खटल्यात २००१ साली त्यांच्याच वरच्या सभागृहानं ते घट्ट करून टाकलं. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. मनात शंका आली आणि ती खरी निघेल या भीतीनं तपासलं नाही, असं दिसायला हवं. बघितलंत ना? वकिलाच्या भाच्याला शिकवू नका. माझ्या मनात शंका नव्हतीच. ती तुम्ही घातलीत, आत्ता, बर्फाचं पाणी सांगून.

आग्रही : मग आता तुला तपासणी चुकत नाही!

साशंक : तसं दिसतं खरं. पण तुमच्या यशाचा आनंद मला होत नाही. कारण आता मला दिसतं ते असं, की अहवालाचं प्रत्येक पान कुणाचे तरी पैसे राखतं. माझे, बँकेचे, विमा कंपनीचे. जीव कुणाचा जातो? खणाखालची तुळई समुद्रात तुटली तर मी घरी असणार. तांडेल आणि सात-आठ खलाशी बोटीवर असणार. त्यांचं नाव त्या अहवालात कुठे येतं?

आग्रही : येत नाही. आणि तो आजचा दोष नाही, या धंद्याचा जन्मच तसा आहे. लंडनच्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात विमा उतरवणारे बसायचे, त्यांना जहाजांची पत हवी होती. त्यातून १७६० मध्ये लॉइड्स रजिस्टर निघालं. १७६४ च्या त्यांच्या यादीत सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशा पायऱ्या आहेत. त्या खलाशांसाठी नव्हत्या. शंभर वर्षांनी तिथेच कायदा असा होता, की करारावर सही केलेला खलाशी ‘जहाज कुजकं आहे, चढणार नाही’ म्हणाला तर तुरुंगात जायचा. सॅम्युअल प्लिमसोल संसदेत त्यावरून भांडला, तेव्हा कुठे १८७६ मध्ये जहाजावर भाररेषा रंगवायची सक्ती झाली. पुढची काही वर्षं ती रेषा कुठे ओढायची हे मालकच ठरवायचा, पण रेषा बाहेरून, धक्क्यावरून, कुणालाही दिसायची. अहवाल असा दिसत नाही.

साशंक : आणि रेषा ओढूनही काय? रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बांधून जेमतेम अकरा वर्षं झालेली. कुजकी नव्हती. सहाशेहून अधिक माणसं गेली, बंदराच्या तोंडाशी. तुमचा सर्वेअर त्यात काय करणार होता?

आग्रही : काही नाही. तो बोट तपासतो, आषाढ तपासत नाही. किती माणसं घ्यायची, कुठल्या हवेत निघायचं, हे अहवालात लिहिता येतं, पाळायचं दुसऱ्या कुणीतरी. त्याच्याकडून तेही मागितलंस तर मग खरोखर हातात काही उरणार नाही.

साशंक : ठीक. मग जे त्याच्या हातात आहे तेवढंच धरून मी माझं सांगतो. सर्वेअर बोलावतो. भोकांची परवानगी लेखी मागतो. पण अहवाल आला की पहिली प्रत तांडेलाला. मराठीत करून. तिसरा दोष या हंगामात होणार नाही हेही त्याला सांगणार, मग त्यानं ठरवावं चढायचं की नाही.

आग्रही : थांब. अहवाल तुझ्या नावानं असतो. ‘हा फक्त मागवणाऱ्यासाठी, इतरांनी यावर विसंबू नये’, असं सर्वेअर लिहूनच देतो. त्याला तांडेलाच्या बायकोनं उद्या कोर्टात ओढलेलं नको असतं.

साशंक : हे तुम्ही सांगताय मला? मघापासून माहिती, माहिती म्हणून जीव खाल्लात माझा!

आग्रही : मी नियम सांगतोय, बाजू नाही घेतलेली. आणि दुसरं बघ. तू तांडेलाला दोष सांगितलास आणि तरी बोट सोडलीस, तर तुझं जाणणं साक्षीदारासकट सिद्ध झालं. शिवाय तांडेल ‘चढत नाही’ असं म्हणू शकतो, हे तू मनापासून धरतोस? हंगामाची उचल त्यानं आधीच घेतलेली असते. घरी खर्च झालेली असते. कागदावर त्याला पर्याय दिलास, आणि ओझं तेवढं त्याच्या डोक्यावर ठेवलंस.

साशंक : म्हणजे सांगितलं तर ओझं टाकलं, नाही सांगितलं तर लपवलं.

आग्रही : तिसरा दोषही आधी दुरुस्त करावा.

साशंक : पैसे असते तर हे बोलणंच झालं नसतं. आणि मी बोट नाही घेतली, तर? अहवाल माझ्या कपाटात. मालक मागेल, मी दिला तर तो फाडून टाकेल, थरावर आणखी एक रंगाचा हात देईल आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवेल. तो पुढचाही कुणीतरी आपल्याच किनाऱ्यावरचा. त्याला सांगायला मी बांधील नाही ना?

आग्रही : कायद्यानं नाहीस. तुझ्या पैशाचं मत आहे, तुझ्याकडे ठेव. गावात बोललास आणि सर्वेअरचं मत चुकीचं निघालं, तर मालकाचं नुकसान तू केलंस असंही होईल. थप्प आवाज म्हणजे कूज सिद्ध झाली असं नाही, हे मघाशी तूच मला सुनावलंस.

साशंक : सुनावलं. म्हणून तर भोकं पाहिजेत. आवाजावर मी कुणाची बोट बदनाम करणार नाही, पण लाकूड हातात आलं तर गप्पही बसणार नाही.

आग्रही : मग हे मालकाला आधी सांग. परवानगी मागतानाच, की जे निघेल ते माझ्या तांडेलाला कळेल, आणि विचारणाऱ्या कुणालाही कळेल.

साशंक : असं सांगितल्यावर तो परवानगी देईल?

आग्रही : मला वाटतं, नाही देणार.

साशंक : मलाही तसंच वाटतं. आणि तुमचा सर्वेअर? अशा अटीवर तो तरी येईल का?

आग्रही : विचारून बघतो. फी वाढवून मागेल बहुधा.